पुदिना, पेपरमिंट आणि अमृतधारेची बाटली

भाजीबाजारात जुडीने मिळणारा पुदिना, पानवाला विड्यावर भुरभुरवतो ते पिपरमिंट आणि चहाच्या महागड्या पुड्यांवर छापलेले पेपरमिंट या तिन्ही गोष्टी आपल्या बहुतेक घरांत एकच समजल्या जातात. पोटात कळ आली की वडीलधारी माणसे पुदिना घ्यायला सांगतात, आणि मग कोणी पाने चावून खातो, कोणी तेलाचे थेंब पाण्यात घालून पितो, तर कोणी पांढरे स्फटिक साखरेबरोबर गिळतो. औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेऊन मी नाशिकमध्ये बरीच वर्षे औषधांचे दुकान चालवले, आणि स्वयंपाकघरातही पुदिन्याशी माझा रोजचा संबंध राहिला. दोन्हीकडून पाहताना माझे एक मत पक्के होत गेले आहे: पुदिन्याच्या कुळातील पाने मोकळ्या हाताने, अन्न म्हणून वापरावीत, पण त्यांचे तेल किंवा स्फटिक हातात घेतले की ते औषध समजून, मात्रा मोजून आणि कोणाला देतो आहोत हे पाहूनच वापरावे. हे मत कशावर उभे आहे ते सविस्तर लिहिण्यासाठी हा लेख आहे.

आपल्या चटणीतला पुदिना म्हणजे वनस्पतिशास्त्रातला मेंथा स्पायकाटा. त्याची पाने फिकट हिरवी, थोडी सुरकुतलेली आणि जवळजवळ देठाविना खोडाला चिकटलेली असतात. त्याच्या सुगंधी तेलात मुख्य घटक कार्व्होन असतो आणि मेंथॉल नसल्यासारखेच असते. म्हणूनच हे पान चावले तर चव ताजी, गोडसर लागते, पण घशात बर्फासारखा गारवा उतरत नाही. पेपरमिंट, म्हणजे मेंथा पायपरिटा, हा याच पुदिन्याचा आणि पाणथळ जागी वाढणाऱ्या मेंथा अ‍ॅक्वाटिकाचा नैसर्गिक संकर आहे. त्याच्या पानाला स्पष्ट देठ असतो, खोडावर जांभळी झाक असते, आणि तेलात साधारण ३० ते ५५ टक्के मेंथॉल असते. तिसरी वनस्पती आहे मेंथा आर्वेन्सिस, जिला जपानी पुदिना असेही म्हणतात. तिच्या तेलात मेंथॉलचे प्रमाण ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते, आणि ओळखायची सोपी खूण म्हणजे तिची फुले फांदीच्या टोकाला तुऱ्यात न येता पानांच्या बेचक्यांत झुबक्यांनी येतात. पानवाल्याकडचे स्फटिक आणि आपल्या बामच्या डबीतला गारवा बहुतांशी या तिसऱ्या वनस्पतीकडून येतो.

पेपरमिंटची लिखित नोंद इंग्लंडमधली आहे. जॉन रे या निसर्गअभ्यासकाने १६९६ मध्ये या मिरमिऱ्या चवीच्या पुदिन्याचे वर्णन प्रसिद्ध केले, १७२१ मध्ये तो लंडनच्या औषधकोशात दाखल झाला, आणि १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला आजचे शास्त्रीय नाव दिले. लिनियसला ती स्वतंत्र जाती वाटली. संकर असल्याचे पुढे कळले. लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यातील मिचम हे गाव अठराव्या शतकात पेपरमिंटच्या लागवडीसाठी नावारूपाला आले, आणि आजही जगभर लावल्या जाणाऱ्या पेपरमिंटच्या प्रमुख वाणाला 'ब्लॅक मिचम' असेच म्हणतात. संकर असल्यामुळे पेपरमिंटला रुजणारे बी सहसा धरत नाही, त्यामुळे त्याची वाढ नेहमी खोडाच्या तुकड्यांपासूनच केली जाते. रोपवाटिकेत किंवा ऑनलाइन 'पेपरमिंटचे बी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांबद्दल मला कोणी विचारले, तर ते घेऊ नका असेच मी सांगते, कारण त्यातून उगवेल ते बहुधा दुसरेच काहीतरी असेल.

हे पीक मूळचे थंड आणि लांब दिवसांच्या प्रदेशातले आहे. उन्हाळ्यात चौदा-पंधरा तासांहून मोठा दिवस आणि थंड रात्र मिळाली, तरच पेपरमिंटच्या पानात उत्तम तेल तयार होते. दिवस लहान आणि रात्री उबदार असल्या, की त्याच पानात मेंथॉल कमी आणि मेंथोफ्युरान हा उग्र, कडवट घटक जास्त तयार होतो. महाराष्ट्रात सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच राहतो. त्यामुळे हौसेने आणलेले पेपरमिंट आपल्या गॅलरीत जगते, पसरतेही, पण त्याच्या पानाला युरोपातल्या पानाचा स्वच्छ गारवा येत नाही. यात लावणाऱ्याचा काही दोष नसतो. आपले अक्षांशच त्या वनस्पतीला सोयीचे नाहीत.

जपानी पुदिन्याला मात्र भारत विलक्षण मानवला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगातील मेंथॉलच्या व्यापारावर जपानची पकड होती आणि होक्काइदो बेटावरील किटामी हा त्या शेतीचा मोठा प्रदेश होता. १९५० च्या दशकात ही वनस्पती भारतात आणून तिच्यावर जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत काम सुरू झाले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, 'हिमालय', 'कोसी', 'सिम-क्रांती' अशी वाणे दिली, आणि बाराबंकी, रामपूर, बदायूं, संभल या उत्तर प्रदेशातील जिल्ह्यांत हे पीक घराघरांत पोहोचले. तिथले शेतकरी त्याला नुसते 'मेंथा' म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीखालच्या खोडांचे तुकडे लावायचे, मे-जूनमध्ये, पाऊस सुरू होण्याआधी कापणी करायची आणि गावातल्याच टाकीत वाफेने तेल काढायचे, असा त्याचा क्रम असतो. भाताच्या लागवडीआधी हातात रोख पैसा देणारे हे पीक आहे, आणि तेल पिंपात भरून भाव येईपर्यंत ठेवता येते, ही त्याची मोठी सोय. मात्र ऐन उन्हाळ्यात त्याला वारंवार पाणी द्यावे लागते आणि ते बहुतेक ठिकाणी जमिनीतून उपसले जाते, ही गोष्ट दुष्काळ जवळून पाहिलेल्या मराठी माणसाला टोचल्याशिवाय राहत नाही. तेल थंड केले की मेंथॉलचे लांब, पारदर्शक, सुईसारखे स्फटिक वेगळे होतात. आज जगाला नैसर्गिक मेंथॉल पुरवणाऱ्या देशांत भारत सर्वांत पुढे आहे. बामची डबी, खोकल्याची गोळी, टूथपेस्ट, विड्यातली चिमूट या सगळ्यांचा धागा त्या गंगेकाठच्या शेतांपर्यंत जातो.

मेंथॉलने गार का वाटते, याचे उत्तर अलीकडच्या काळात मिळाले. आपल्या त्वचेतील आणि तोंडातील चेतातंतूंवर टीआरपीएम-८ नावाचा एक ग्राही असतो, जो तापमान उतरले की जागा होतो आणि मेंदूला थंडीचा संदेश पाठवतो. मेंथॉलचा रेणू तापमान न बदलताच या ग्राहीला जागा करतो. २००२ मध्ये हा शोध दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे लागला, आणि स्पर्श व तापमानाच्या जाणिवेवरील संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. सर्दीच्या दिवसांसाठी यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. मेंथॉलची वाफ घेतल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, परंतु मोजून पाहिले असता नाकातून जाणारी हवा वाढलेली दिसत नाही. वाढते ती हवा आत शिरल्याची थंड जाणीव. रात्री नाक चोंदलेल्या माणसाला ती जाणीवही झोप लागण्यापुरता दिलासा देते, म्हणून मी तिला कमी लेखत नाही. फक्त त्या दिलाशाला सर्दी बरी झाली असे समजू नये.

पोटाच्या बाबतीत पेपरमिंटचे तेल खरोखर काम करते. आतड्याच्या स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम शिरू लागले की स्नायू आवळले जातात. मेंथॉल ही वाट काही प्रमाणात रोखते आणि आवळलेला स्नायू सैल पडतो. वारंवार पोटात कळ येणे, पोट फुगणे, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब अशा त्रासाला डॉक्टर आयबीएस म्हणतात. त्यावर पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलचा अनेक चाचण्यांत उपयोग दिसला आहे, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने २०२१ च्या मार्गदर्शिकेत या तेलाची शिफारसही केली आहे. या कॅप्सूलला जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळणारे आवरण असते. ते का, हे समजून घेतले पाहिजे. हेच तेल उघडे पोटात गेले तर अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला, आम्ल वर येऊ न देणारा स्नायूही सैल करते. ज्याला आधीच छातीत जळजळते, आंबट ढेकर येतात, त्याने 'पोटासाठी चांगले' म्हणून तेलाचे थेंब पाण्यात घालून घेतले, तर त्याची जळजळ वाढते. आपल्याकडे 'पित्त झाले' या एका वाक्यात जळजळ, मळमळ, डोकेदुखी आणि गॅस असे सगळेच येते, त्यामुळे दुकानात कोणी पुदिन्याचे थेंब मागितले की नेमके काय होते आहे ते मी आधी विचारत असे. कळ आणि फुगवटा असेल तर ठीक. घशाशी आंबट येत असेल तर हे औषध त्यांच्यासाठी नव्हते. कॅप्सूल चावू नये आणि आम्लनाशक औषधाबरोबर घेऊ नये, कारण त्यामुळे आवरण जठरातच विरघळते. पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

आता अमृतधारेकडे येते, कारण महाराष्ट्रातल्या असंख्य घरांतील औषधांच्या डब्यात तिची छोटी बाटली अजूनही असते. पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉलचे स्फटिक, ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल, आणि कापूर हे तिन्ही घन पदार्थ साधारण समभाग घेऊन बाटलीत एकत्र ठेवले, की पाण्याचा थेंबही न घालता त्यांचे आपोआप पाण्यासारखे द्रव होते. एकमेकांत मिसळल्यावर त्यांचा वितळण्याचा बिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली उतरतो, म्हणून हे घडते. लहानपणी मला हा चमत्कार वाटे आणि रसायनशास्त्र शिकल्यावरही त्याचे अप्रूप कमी झाले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोरचे वैद्य पंडित ठाकूर दत्त शर्मा यांनी या नावाने हे औषध देशभर पोहोचवले. त्याच्या थोडे आधी, १८९३ मध्ये, काशीनाधुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजन सुरू केले होते, ज्यातही मेंथॉल आणि कापूर आहेत. पुदिन्याचा अर्क आणि पुदिन्याची जवारिश, म्हणजे पचनासाठीचा गोड अवलेह, देणाऱ्या युनानी हकिमांची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी. हकीम, वैद्य आणि आधुनिक कारखाना या तिघांचे हात लागून आपले हे घरगुती औषध बनले आहे, आणि म्हणून त्याला सरसकट 'आयुर्वेदिक, म्हणजे निरुपद्रवी' असे म्हणणे मला पटत नाही.

मोठ्या माणसाने पोटदुखीत बाटलीवर लिहिल्याप्रमाणे दोन-तीन थेंब बत्ताशावर किंवा पाण्यात घ्यावेत, डास चावला तर थेंब त्वचेवर लावावा, येथपर्यंत माझी काही हरकत नाही. तान्ह्या बाळांच्या बाबतीत मात्र मी अतिशय कठोर आहे. मेंथॉल बाळाच्या नाकाजवळ लावले तर त्याचा श्वास क्षणभर अडकू शकतो, स्वरयंत्र आवळले जाऊ शकते. आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. बाळाचे नाक चोंदले की आजी मायेने बामचे बोट नाकपुडीखाली फिरवते. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण तो हात थांबवायलाच हवा. दोन वर्षांखालील मुलांना मेंथॉल-कापराचे बाम, अमृतधारा किंवा पेपरमिंटचे तेल छातीवरही लावू नये, नाकाजवळ तर मुळीच नाही. मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात सोडणे आणि बाळाला वरचेवर पाजणे, हे त्या वयाला पुरेसे आणि सुरक्षित आहे. अमृतधारेची बाटली दिसायला पाण्यासारखी असते, म्हणून ती उंच फडताळात ठेवावी.

डोकेदुखीवर मात्र या तेलाचा एक चांगला उपयोग आहे. जर्मनीत मद्यार्कात मिसळलेले १० टक्के पेपरमिंट तेल कपाळाला आणि कानशिलांना लावण्याचे औषध ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीसाठी मान्यताप्राप्त आहे, आणि चाचण्यांत ते नेहमीच्या वेदनाशामक गोळीच्या तोडीचे ठरले आहे. हे मोठ्यांसाठी, डोळ्यांपासून दूर ठेवून.

पानांकडे वळले की इतकी सावधगिरी लागत नाही, कारण ताज्या पानात तेल शेकडा एक भागाहूनही कमी असते. ते पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत साठलेले असते आणि हात लागताच फुटून उडू लागते. स्वयंपाकातले पुदिन्याचे सगळे शहाणपण या एका गोष्टीत आहे. पाने उकळत ठेवली तर सुगंध स्वयंपाकघरात पसरतो आणि कपात कडवट हिरवे पाणी उरते. म्हणून चहात गवती चहा आणि आले आधी उकळून घ्यावे, पुदिन्याची चार-पाच पाने मात्र गॅस बंद केल्यावर टाकून वर झाकण ठेवावे. नुसत्या पानांचा चहा करायचा असेल तर उकळते पाणी पानांवर ओतून पाच ते दहा मिनिटे झाकून ठेवावे. वाळलेल्या पेपरमिंटच्या पानांसाठी युरोपीय औषधनियामक संस्थेने सांगितलेले प्रमाण कपभर पाण्याला १.५ ते ३ ग्रॅम असे आहे. जड जेवणानंतर असा चहा पोटाला बरा वाटतो. आपल्या पुदिन्यात मेंथॉल नसले तरी चव आणि सुगंध त्याच्याजवळ भरपूर आहेत, आणि तोंडाला पाणी सुटणे ही पचनाची पहिली पायरी आहेच.

चटणीबद्दल माझी मते ठाम आहेत. नुसत्या पुदिन्याची चटणी कडवट होते, म्हणून एक वाटी पुदिन्याला दोन वाट्या कोथिंबीर हवी, तीही कोवळ्या देठांसकट. पुदिन्याचे देठ मात्र काढून टाकावेत. हिरवी मिरची, आल्याचा तुकडा, जिरे, पादेलोण आणि लिंबू घालून थंड पाण्याने वाटावे. पाने वाटली की त्यांतील विकर हवेच्या संपर्काने चटणी काळी पाडतात. लिंबाचा आंबटपणा आणि पाण्याचा थंडपणा ही क्रिया मंदावतात, म्हणून लिंबू शेवटी वरून न पिळता वाटतानाच घालावे. भेळेसाठी करायची असेल तर मूठभर डाळे घालावे, म्हणजे ती पाणी सोडत नाही. चैत्रात कैऱ्या आल्या की लिंबाची जागा कैरीने घ्यावी. मिक्सर फार वेळ फिरवला तर चटणी तापते आणि सुगंध जातो. पाट्यावर वाटलेली चटणी चांगली लागते त्यामागे हेही एक कारण आहे. पाणीपुरीच्या पाण्याला, मठ्ठ्याला आणि बिर्याणीच्या थरांना पुदिना हवाच. पन्ह्यात पुदिना घालण्याची उत्तरेकडची पद्धत आता आपल्याकडेही आली आहे, पण गूळ, वेलची आणि केशराच्या आपल्या पन्ह्यात तो मला परका वाटतो, आणि माझ्या घरी तो पन्ह्यात पडत नाही.

जुडी घरी आणली की रबर काढून खराब पाने निवडावीत, न धुता देठ पाण्याच्या पेल्यात ठेवून वर सैल पिशवी घालावी आणि पेला फ्रिजमध्ये ठेवावा. वापरायच्या वेळीच धुवावे, आणि पालेभाज्यांवरची फवारणी लक्षात घेऊन दोन-तीन पाण्यांतून धुवावे. जास्तीची पाने सावलीत वाळवून घट्ट बरणीत भरावीत. उन्हात वाळवली तर रंग आणि तेल दोन्ही उडतात. त्याच जुडीतल्या चांगल्या काड्या पेऱ्याच्या खाली कापून, खालची पाने काढून पाण्यात ठेवल्या, की आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटतात. उथळ पण पसरट कुंडी घ्यावी, कारण पुदिना खाली कमी आणि आडवा जास्त वाढतो. सकाळचे ऊन, दुपारची सावली, कायम ओलसर पण पाणी न साचणारी माती, एवढे त्याला पुरते. पावसाळ्यात कुंडी पागोळीखालून हलवावी, नाहीतर मुळे कुजतात. पानांच्या मागे नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा आहे. तेव्हा सगळी खोडे जमिनीलगत छाटून टाकावीत, कापलेला पाला कुंडीत न ठेवता फेकून द्यावा, आणि नवे कोंब येऊ द्यावेत. फुलांचे तुरे दिसू लागताच शेंडे खुडावेत, म्हणजे पाने कोवळी येत राहतात. पेपरमिंट आणि पुदिना एका कुंडीत कधीही लावू नयेत. दोघांच्या मुळ्या एकमेकींत शिरतात आणि काही महिन्यांनी चटणीसाठी नेमके कोणते पान खुडले, हे चावून पाहिल्याशिवाय कळत नाही.